जमिनीखालच्या इंधन टाक्यांची गळती कशी ओळखावी : कोकण किनारपट्टीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात पेट्रोल पंपाची टाकी आणि शेजारच्या घराची विहीर यांच्यामध्ये पुष्कळदा एका गडग्याचेच अंतर असते. त्यामुळे टाकीची गळती हा केवळ पंपाच्या नफ्या-तोट्याचा विषय राहत नाही. पुढील प्रश्नोत्तरे पंपचालक, बंदरांवरील मच्छीमार सहकारी संस्थांच्या डिझेल पंपांचे व्यवस्थापक आणि पंपालगतचे विहीरमालक या तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

टाकी तर जमिनीखाली असते. मग गळतीची पहिली खूण कोठे दिसते?

पहिली खूण स्टॉक रजिस्टरमध्ये दिसते. विहिरीला वास येणे, गटारात तवंग दिसणे किंवा झाडे वाळणे या खुणा फार उशिराच्या आहेत, कारण तोपर्यंत इंधन टाकीभोवतीच्या वाळूतून आणि जांभ्यातून बरेच पुढे गेलेले असते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला चार लिटरच्या आसपास आणि महिन्याला सव्वाशे लिटरच्या पुढे इंधन जमिनीत मुरते. एवढी गळती डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही. रोजच्या हिशेबात मात्र ती सापडू शकते, पण त्यासाठी रजिस्टर प्रामाणिकपणे लिहिलेले असले पाहिजे. ज्या रजिस्टरमध्ये रोजचा फरक शून्य किंवा दोन-तीन लिटरच दाखवला जातो, ते सर्वांत संशयास्पद समजावे. डिप रॉडने, म्हणजे टाकीत सोडून इंधनाची उंची मोजण्याच्या खुणांच्या दांडीने, इतके अचूक मोजताच येत नाही, म्हणजे ते आकडे मोजून नव्हे, तर जुळवून लिहिलेले असतात.

डिप रॉड किती अचूक असतो?

साधारण दोन मीटर व्यासाची आणि सुमारे साडेसहा मीटर लांबीची आडवी टाकी वीस हजार लिटरची असते. ती निम्मी भरलेली असताना रॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे जवळपास तेरा लिटर. ओल्या रॉडवरची रेघ वाचताना तीन मिलिमीटरची चूक सहज होते आणि त्या चुकीचे चाळीस लिटर होतात. तळाशी किंवा टाकी जवळजवळ भरलेली असताना पृष्ठभाग अरुंद असल्याने हीच चूक कमी लिटरची ठरते. रॉडचे टोक झिजलेले असणे, रॉड तिरका सोडणे, टँकर रिकामा केल्याबरोबर पातळी स्थिर होण्याआधीच डिप घेणे, या कारणांनीही वाचन बिघडते. पेट्रोलच्या टाकीत रॉडला पेट्रोल-पेस्ट (पेट्रोल लागताच रंग बदलणारा लेप) लावल्यास रेघ स्पष्ट उमटते. दोन वाचने घेऊन ती जुळेपर्यंत पुन्हा डिप घेण्याची सवय ठेवावी.

तूट तर रोजच येते. गळतीची तूट वेगळी कशी ओळखायची?

आरंभीचा साठा अधिक आलेला माल, त्यातून विक्री वजा केल्यावर जो हिशेबी साठा येतो, त्याची प्रत्यक्ष डिपशी तुलना करायची. नोझल तपासताना मापात काढून पुन्हा टाकीत ओतलेले इंधन विक्रीतून वगळायला विसरू नये. समजा, एका आठवड्यात रोजचे फरक असे आले : उणे १२, अधिक ७, उणे १५, उणे ९, अधिक ४, उणे १४, उणे ११. यांतला एकही आकडा एकटा पाहिला तर चिंतेचा नाही, कारण प्रत्येक जण डिप रॉडच्या एक-सव्वा मिलिमीटरच्या आतला आहे. पण त्यांची चालती बेरीज करत गेलो, तर आठवड्याच्या शेवटी ती उणे ५० होते.

ही चालती बेरीज इतकी मोलाची का, हे समजून घेण्यासारखे आहे. आजचा अखेरचा डिप हाच उद्याचा आरंभीचा डिप असतो. त्यामुळे मधल्या प्रत्येक दिवशी डिप वाचण्यात झालेली चूक एका दिवशी वजा आणि दुसऱ्या दिवशी अधिक होऊन बेरजेतून आपोआप निघून जाते. शेवटी त्या ५० लिटरमध्ये फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाचनाची चूक उरते. महिनाभर बेरीज केली तरी वाचनाची चूक तेवढीच राहते आणि गळती मात्र वाढत जाते, म्हणून ती वर येते. रजिस्टरमध्ये चालत्या बेरजेचा एक रकाना वाढवणे यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या लहान पंपासाठी याहून अधिक उपयोगाचा उपाय नाही.

चालती बेरीज सतत उणे जात असेल, तर ती गळतीच का?

तसे लगेच ठरवू नये. आधी नोझल तपासावे. पाच लिटरच्या प्रमाणित मापात पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक वैधमापनाच्या नियमांत मान्य असतो. यंत्र पाच लिटरमागे वीस मिलिलिटर जास्त देत असेल, तर चार हजार लिटरच्या विक्रीवर सोळा लिटरची तूट येते, आणि हे इंधन जमिनीत नव्हे, गिऱ्हाइकाच्या टाकीत गेलेले असते.

फरक ओळखण्याची रीत अशी : विक्री जास्त त्या दिवशी तूट जास्त आणि विक्री कमी त्या दिवशी तूट कमी, असे असेल तर दोष नोझलमध्ये किंवा पाइपात शोधावा. विक्री असो-नसो, तूट रोज साधारण तेवढीच असेल, तर टाकीचा संशय घ्यावा. टँकर आलेल्या दिवशीच तूट दिसत असेल, तर माल उतरवतानाचे मोजमाप, टँकरची डिप आणि डेन्सिटी पाहावी. आणि टाकीतला साठा एका ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर तूट थांबत असेल, तर ती खूण फारच बोलकी आहे. त्या उंचीवर टाकीला भोक असण्याची किंवा एखाद्या जोडणीची गळती असण्याची शक्यता मोठी असते. डिझेलचे बाष्पीभवन अत्यल्प असते, त्यामुळे डिझेलच्या टाकीत सातत्याने येणारी तूट पेट्रोलपेक्षाही गांभीर्याने घ्यावी.

तापमानामुळे किती फरक पडतो?

बराच. एक अंश सेल्सिअस तापमान उतरले, तर दहा हजार लिटर पेट्रोल अकरा लिटरच्या आसपास आणि तेवढेच डिझेल सुमारे आठ लिटर आकसते. घाट उतरून आलेल्या टँकरमध्ये उन्हाने इंधन ३६ अंशांपर्यंत तापलेले असेल आणि ते जमिनीखालच्या २९ अंशांच्या टाकीत उतरवले, तर बारा हजार लिटर पेट्रोल हळूहळू थंड होताना नव्वद लिटरच्या आसपास कमी दिसू शकते. ही गळती नव्हे. म्हणून डिपबरोबर तापमान आणि डेन्सिटी नोंदवावी, आणि चालत्या बेरजेत टँकरचे दिवस वेगळ्या खुणेने दाखवावेत.

पावसाळ्यात टाकीत पाणी चढते. ते झाकणातून आलेले समजायचे की टाकीच्या भोकातून?

कोकणासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नेमका हाच सर्वांत लवकर बाजूला सारला जातो. "पाऊस आहे, मॅनहोलमधून पाणी गेले असेल," असे म्हणून पाणी उपसले जाते आणि विषय तेथेच संपतो. प्रत्यक्षात टाकीत येणारे पाणी हे टाकीला भोक असल्याचे चिन्ह असू शकते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. या काळात खाडीकाठच्या सखल जागेत भूजल जमिनीच्या एक-दीड मीटरवर येते. मे महिन्यात तेच भूजल टाकीच्या तळाच्याही खूप खाली गेलेले असते.

आता दोन मीटर व्यासाच्या टाकीचा विचार करा, जिच्या डोक्यावर एक मीटर भराव आहे आणि जिच्या तळाला बारीक भोक पडले आहे. आत पेट्रोल दीड मीटर उंच आहे. पेट्रोल पाण्याहून हलके असते. त्याची घनता ०.७४ धरली, तर त्या दीड मीटरचा दाब १.११ मीटर पाण्याच्या दाबाइतका होतो. बाहेरचे भूजल तळापासून १.११ मीटरपर्यंत असेल, तर आत-बाहेर दाब समान, आणि भोक असूनही काहीच होत नाही. भूजल त्याहून खाली असेल, तर पेट्रोल बाहेर जाते. त्याहून वर असेल, तर पाणी आत येते. जुलैत भूजल टाकीच्या माथ्यापर्यंत आले, तर टाकी पूर्ण भरलेली असली तरी तळाच्या भोकातून पेट्रोल बाहेर जात नाही. पाणीच आत येते.

याचा अर्थ असा, की एकच भोक उन्हाळ्यात तूट दाखवते आणि पावसाळ्यात पाणी दाखवते. जो पंपचालक तुटीची आणि पाण्याची नोंद वेगवेगळी पाहतो, त्याला दोन किरकोळ तक्रारी दिसतात. वर्षभराची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्याला गळती दिसते.

पाणी कोठून आले हे ठरवण्याच्या काही साध्या रीती आहेत. मोठ्या सरीनंतर लगेच पाणी वाढले आणि मॅनहोलची फट बुजवल्यावर व भरणा-पाइपाच्या टोपीचा रबर बदलल्यावर थांबले, तर ते वरून आलेले. दोन दिवस उघडीप असतानाही पाणी वाढत राहिले, किंवा टाकीतले इंधन कमी असताना ते अधिक वेगाने वाढले, तर ते खालून येत आहे. खाडीजवळच्या पंपावर भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी पाण्याची पातळी वेगवेगळी मोजावी, विशेषतः अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात. आणि उपसलेल्या पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन त्याची विद्युतवाहकता मोजून घ्यावी; पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त येते. पावसाचे पाणी जवळजवळ क्षाररहित असते. पाणी खारे निघाले, तर ते झाकणातून नव्हे, खाडीच्या बाजूच्या जमिनीतून आले आहे. हे पाणी चाखून पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ते इंधनाने दूषित असते, त्यामुळे ते गटारात किंवा परसात ओतायचे नसते. बंद भांड्यात साठवून अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यायचे असते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी तपासण्याची रीत बदलते का?

बदलते. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे आलेले थोडे पाणी तळाशी वेगळे साचत नाही, पेट्रोलमध्येच विरघळते आणि नेहमीच्या वॉटर पेस्टवर (पाणी लागताच रंग बदलणाऱ्या लेपावर) दिसत नाही. मर्यादेबाहेर पाणी आले, की इथेनॉल आणि पाणी मिळून एक वेगळा थर तळाशी बसतो आणि वरच्या पेट्रोलमधले इथेनॉल कमी होते. या थराची घनता शुद्ध पाण्यापेक्षा कमी असल्याने जुन्या धाटणीचा वॉटर फ्लोटही (स्वयंचलित मापकातला पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता भाग) त्याला दाद देत नाही. म्हणून इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी बनवलेली पेस्टच वापरावी आणि स्वयंचलित मापकातला फ्लोट त्या इंधनासाठी योग्य आहे का, हे तेल कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

बंदरावरील डिझेल पंप जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे जवळजवळ बंद असतो. तेव्हा चाचणी केली तर चालेल का?

चाचणीसाठी टाकी स्थिर असणे आवश्यक असते, म्हणून हा काळ सोयीचा वाटतो. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण यांसारख्या बंदरांत नौका शाकारलेल्या असतात, विक्री नसते, आणि दोन-तीन दिवस डिप न हलता राहायला हवी. पण वर सांगितलेला दाबाचा हिशेब येथे लक्षात घ्यावाच लागतो. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असले तरी पाण्याहून हलकेच असते. जुलैत बाहेरचे भूजल वर असल्याने खरोखरच गळकी असलेली टाकीही "ठीक" ठरू शकते. म्हणून शक्य तर मुख्य चाचणी एप्रिल-मे महिन्यात, भूजल तळाखाली असताना करावी, आणि बंदीच्या काळात केवळ पाण्याची वाढ तपासावी. चाचणी पावसाळ्यात करावीच लागली, तर त्याच दिवशी टाकीजवळ जमिनीत पुरलेल्या निरीक्षण-पाइपातली भूजल पातळी मोजून चाचणीच्या अहवालात लिहायला सांगावी. भूजलाची नोंद नसलेला पावसाळी अहवाल अपुरा समजावा.

टाकीत स्वयंचलित मापक बसवले आहे. आता हाताने डिप घेण्याची गरज आहे का?

आहे. स्वयंचलित मापकाच्या दांड्यावर एक फ्लोट इंधनाची आणि दुसरा पाण्याची पातळी दाखवतो, शिवाय वेगवेगळ्या उंचीवरचे तापमानही नोंदवले जाते. विक्री थांबलेल्या काही तासांत ते स्थिर चाचणी करू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत अशा मासिक चाचणीने ताशी ०.२ गॅलन, म्हणजे सुमारे पाऊण लिटर, इतकी गळती ९५ टक्के खात्रीने पकडली पाहिजे, असे अपेक्षित आहे. पाऊण लिटर म्हणजे दिवसाला अठरा लिटर. वर दिलेल्या उदाहरणातली आठवड्याला ५०, म्हणजे दिवसाला सात लिटरची गळती या चाळणीतून सुटू शकते. चालत्या बेरजेत ती पकडली जाते. शिवाय दमट, खाऱ्या हवेत मापकाच्या जोडण्या गंजतात. म्हणून ठरावीक अंतराने हाताचा डिप घेऊन मापकाशी ताडावा. महामार्गावरच्या चोवीस तास चालणाऱ्या पंपाला चाचणीसाठी शांत तास मिळत नाहीत. तेथे एक एक टाकी रात्री आळीपाळीने बंद ठेवण्याचे नियोजन करावे.

गळती टाकीपेक्षा पाइपातून जास्त होते, हे खरे का?

जोडण्या, लवचीक नळ्या आणि यंत्राखालचा खड्डा या जागा नेहमी टाकीइतक्याच, किंबहुना आधी तपासाव्यात. यंत्रातला पंप इंधन ओढून घेत असेल, तर पाइपाला भोक पडल्यावर बहुधा हवा आत ओढली जाते, नोझल फुरफुरते, यंत्र उशिरा भरते आणि पाइपातले इंधन टाकीकडे परत उतरते. टाकीत बुडालेला पंप दाबाने इंधन ढकलत असेल, तर गोष्ट उलटी होते : त्याच भोकातून पंप चालू असेपर्यंत इंधन जोराने बाहेर फेकले जाते. त्यामुळे दाबाच्या पाइपावर गळतीशोधक झडप असलीच पाहिजे आणि ती चालते का, हे वर्षातून एकदा तरी कृत्रिम गळती करून पाहिले पाहिजे. यंत्राखालचा खड्डा दर आठवड्याला उघडून पाहणे याला दोन मिनिटे लागतात.

समुद्रकिनाऱ्यावर टाक्या लवकर गंजतात का?

खाऱ्या, ओल्या जमिनीत विद्युतप्रवाह सहज वाहतो, त्यामुळे पोलाद लवकर गंजते. खाजणालगतच्या भरावावरचे पंप या दृष्टीने सर्वांत नाजूक जागी असतात. बाहेरून चांगले आवरण आणि मॅग्नेशियमसारख्या धातूचे त्यागी ॲनोड (टाकीऐवजी स्वतः गंजून झिजणारे तुकडे) लावून टाकीचे रक्षण केले जाते. तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत टाकीचा विद्युतविभव उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल, तर संरक्षण पुरेसे मानतात. ॲनोड झिजत जातात. एकदा बसवले म्हणजे झाले, असे नसते. टाकी आतूनही गंजते. तळाशी साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात, विशेषतः डिझेलमध्ये, आणि डिप रॉड नेहमी ज्या जागी आपटतो ती जागा पातळ होते. त्या जागी खाली जाड पट्टी लावलेली आहे का, हे विचारावे.

दुहेरी भिंतीची टाकी असेल तर निश्चिंत राहता येते का?

पुष्कळ प्रमाणात. दोन भिंतींमधल्या पोकळीत द्रव, निर्वात किंवा संवेदक ठेवला असेल, तर आतली किंवा बाहेरची भिंत फुटल्याबरोबर इशारा मिळतो आणि इंधन जमिनीत जाण्याआधी काम थांबवता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत उथळ भूजलाच्या जागी दुहेरी भिंतीची टाकी किंवा काँक्रीटचा कोश अपेक्षिला आहे. त्याच सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी वस्ती यांपासून ५० मीटर दूर असावा लागतो. जागेची अडचण असल्यास अतिरिक्त सुरक्षेच्या उपायांसह हे अंतर ३० मीटरपर्यंत येऊ शकते. किनाऱ्यावरचा नवा पंप एकेरी भिंतीच्या टाकीवर उभारणे, मला विचाराल तर, करूच नये. इशाऱ्याची घंटा वाजली की तिची तार काढून टाकण्याचा प्रकार मात्र दुहेरी भिंतीलाही निरुपयोगी करतो.

आमच्या विहिरीवर आणि वहाळात रंगीत तवंग दिसतो. हे इंधन आहे का?

कोकणात प्रत्येक रंगीत तवंग इंधनाचा नसतो. जांभ्यातले लोह पाण्यात उतरते आणि लोहजीवाणूंमुळे त्याची पातळ, चकाकणारी साय पृष्ठभागावर धरते. पावसाळ्यानंतर वाफ्यांत, झऱ्याच्या तोंडाशी आणि संथ पाण्यात ती नेहमी दिसते. काठीने तवंग हलवून पाहावा. लोहाची साय काचेसारखी तुटते आणि तिचे कपटे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काठीमागे पुन्हा मिळून येतो. लोहाच्या सायीबरोबर तळाशी तांबडा-नारिंगी गाळ असतो आणि इंधनाचा वास नसतो. ही पाहणी केवळ पहिला अंदाज देते. संशय राहिला तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

विहिरीच्या पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास येऊ लागला, तर लगेच काय करावे?

प्रथम आगीचा धोका लक्षात घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि विहिरीच्या तोंडाखाली साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असताना ठिणगी पडली, तर स्फोट होतो. म्हणून विहिरीत दिवा, कंदील किंवा पेटती काडी सोडून पाहू नये, कोणी आत उतरू नये, आणि विहिरीजवळचे मोटारीचे बटण चालू किंवा बंदही करू नये. वीजपुरवठा दूरच्या मुख्य खटक्यावरून बंद करावा. वास तीव्र असेल, तर १०१ किंवा ११२ वर कळवावे.

ते पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये, आणि गुरांनाही देऊ नये. उकळून शुद्ध होईल, हा समज घातक आहे. उकळल्याने बाष्प घरात पसरते. विहीर उपसून टाकण्याची घाई करू नये, कारण उपसा सुरू झाला की भूजलाचा उतार विहिरीकडे वळतो आणि दूषित पाणी अधिक वेगाने तिकडे ओढले जाते. ग्रामपंचायत, तहसीलदार कार्यालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वास पहिल्यांदा आल्याची तारीख, त्या दिवशीची विहिरीची पातळी आणि पाऊस लिहून ठेवावा. नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, वर हवा न ठेवता काठोकाठ भरून, थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. प्लास्टिकच्या अर्धवट भरलेल्या बाटलीतून बेंझीनसारखे घटक उडून जातात आणि अहवाल खोटा निर्दोष येतो.

थोडेसे पेट्रोल मुरले तर एवढे काय बिघडते?

पेट्रोलमध्ये बेंझीन असते, आणि ते माणसाला कर्करोग करणारे द्रव्य आहे. भारत स्टेज सहाच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम सुचवली आहे. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमधले जास्तीत जास्त बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे त्रेसष्ट हजार लिटर होते. म्हणजे अशा तेरा-चौदा विहिरी. प्रत्यक्षात बराच भाग उडून जातो आणि काही मातीत अडकतो, पण प्रमाणाचा अंदाज यावरून यावा. त्यातही, बेंझीन धोक्याच्या मर्यादेबाहेर गेलेले असतानाही नाकाला वास येत नाही, अशी स्थिती असू शकते. वास नाही म्हणून पाणी निर्दोष, असे मानू नये.

टाकीभोवती निरीक्षण-पाइप बसवले, तर जांभ्यात त्यांचा उपयोग होतो का?

होतो, पण जागा विचारपूर्वक निवडावी लागते. जांभा सगळीकडे सारखा नसतो. त्यात पोकळ्या आणि नळीसारखे मार्ग असतात, त्यामुळे इंधन एका बाजूला झपाट्याने पुढे जाते आणि दोन हातांवरचा पाइप कोरडाच राहतो. म्हणून शक्यतो टाकीच्या खड्ड्याच्या भरावातच, उताराच्या बाजूला किमान दोन पाइप असावेत. बाष्प तपासणारे पाइप कोरड्या ऋतूत चांगले काम करतात. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरली, की बाष्प वर येत नाही आणि उपकरण शांत बसते. भूजलावरचा तवंग तपासणारे पाइप नेमके तेव्हा उपयोगी पडतात. अमेरिकी नियमांत ही दुसरी पद्धत भूजल वीस फुटांपेक्षा खोल नसेल आणि उपकरण एक अष्टमांश इंच जाडीचा थर ओळखत असेल, तरच मान्य आहे. आपल्याकडे दोन्ही पद्धती ऋतूप्रमाणे आलटून पालटून वापराव्यात.

पुराच्या वेळी टाकीला काय धोका असतो?

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हापासून हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. वीस हजार लिटरची टाकी पाण्याखाली गेली, की तिला सुमारे वीस टनांचा वर उचलणारा जोर मिळतो, आणि रिकाम्या पोलादी टाकीचे स्वतःचे वजन त्याच्या तुलनेत थोडे असते. पट्ट्यांनी काँक्रीटच्या बैठकीला नीट न बांधलेली, जवळजवळ रिकामी टाकी उचलली जाते, पाइप तुटतात आणि मग गळती शोधत बसण्याची वेळच राहत नाही. पुराचा इशारा मिळाल्यावर टाकीत साठा चांगला ठेवावा, भरणा-पाइपाच्या टोप्या घट्ट कराव्यात आणि वीज तोडावी. पाणी ओसरल्यावर डिप आणि पाण्याची पातळी तपासून, पाइपांची चाचणी झाल्याशिवाय विक्री सुरू करू नये. टाकीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपाचे तोंड पुराच्या पातळीच्या वर होते का, हेही पाहावे.

गळतीचा संशय आल्यावर पंपचालकाने पहिल्या दिवशी काय करावे?

त्या टाकीची विक्री थांबवावी, दाबाचा पंप बंद करावा, ती टाकी आणि तिचे पाइप वेगळे करावेत, आणि त्याच तासाला तेल कंपनीला कळवावे. पेट्रोल हे २३ अंशांहून कमी तापमानालाही ठिणगीने पेटेल इतकी वाफ देणारे, म्हणजे 'अ' वर्गाचे पेट्रोलियम आहे, त्यामुळे खणणे, उपसणे किंवा हवेच्या दाबाने टाकी तपासणे ही कामे स्वतः करू नयेत. पेट्रोल असलेल्या टाकीत साधी दाबाची हवा भरणे म्हणजे स्फोटक मिश्रण तयार करणे होय. ही चाचणी नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने, कमी दाबावर, अधिकृत माणसांनीच करायची असते. परवाना देणाऱ्या पेट्रोलियम तथा स्फोटक सुरक्षा संघटनेला, म्हणजे ज्याचे मुख्यालय नागपुरात आहे त्या कार्यालयाला, कळवणे आवश्यक असते. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ नुसार विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषक द्रव्य गेल्यास राज्य मंडळाला तातडीने सूचना द्यावी लागते. राष्ट्रीय हरित अधिकरण अधिनियम, २०१० मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व स्पष्ट आहे. प्रामाणिकपणे आधी कळवलेल्या गळतीचा खर्च लपवलेल्या गळतीपेक्षा नेहमीच कमी येतो. शेजारच्या विहीरमालकांना त्याच दिवशी सांगणे ही कायद्याची बाब नंतर, माणुसकीची आधी आहे. त्या दिवशी त्यांच्या घरात त्याच पाण्याची घागर भरली जात असते.

हॉटेल, बर्फाचा कारखाना किंवा रुग्णालयाच्या जनरेटरसाठी डिझेलची लहान टाकी असते. तिलाही हे लागू आहे का?

पुरलेली असेल तर तत्त्व तेच. शक्य असेल तर ती जमिनीवर, सभोवती गळती रोखणारा कट्टा बांधून ठेवावी; जे दिसते त्यावर लक्ष ठेवणे सोपे असते. वापराचा हिशेब जनरेटरच्या तासांवरून ठेवावा आणि तासाला किती लिटर लागतात, हा आकडा अचानक वाढल्यास टाकी आणि पाइप दोन्ही तपासावेत.

पंप बंद झाला किंवा रस्ता रुंदीकरणात हलवला. जुनी टाकी तशीच पुरून ठेवली तर चालते का?

चालत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासारख्या कामांत पंप हलतात आणि जुन्या जागा विकल्या जातात. त्यांखाली टाकी राहिली, तर तळाशी उरलेले इंधन आणि गंजत जाणारे पोलाद दोन्ही तेथेच राहतात. टाकी रिकामी करून, गाळ काढून, वायुमुक्त करून ती बाहेर काढणे हा पहिला पर्याय आहे. ते अशक्य असेल तरच ती वाळू किंवा काँक्रीटने पूर्ण भरायची असते, आणि दोन्ही कामे परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या माहितीत करावी लागतात. टाकी काढताना खड्ड्याच्या तळाची आणि बाजूंची माती तपासून घ्यावी, कारण वर्षानुवर्षांची बारीक गळती तेथेच पहिल्यांदा दिसते. जागेच्या नकाशावर जुन्या टाकीची आणि पाइपांची जागा आखून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक जागेच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, म्हणजे पुढे तेथे विहीर किंवा कूपनलिका खणणाऱ्याला ती पाहता येईल.